गोठ्यातली गाडी

८ जानेवारी

लेस्टर दिसला. पेट्रोल पंपावर, टोइंगचा ट्रक चालूच ठेवून कॉफी पीत उभा. त्यानं हात केला. मीही केला — हात करायची सवय आधी धावते, अक्कल मागून लंगडत येते. मग पोटात गोळा आला.

लेस्टरचे धंदे दोन. बर्फावरून घसरून चरात गेलेल्या गाड्या बाहेर काढायच्या, आणि हप्ते थकलेल्यांच्या गाड्या उचलून कर्जवाल्या कंपनीला नेऊन द्यायच्या. पहिल्या धंद्यात लोक त्याला पाव खाऊ घालतात, दुसऱ्यात कुत्रं सोडतात. माझे दोन हप्ते थकलेत, तिसरा उंबऱ्यावर आहे. आणि माझ्याकडे कुत्रं नाही.

झोपण्याआधी पडदा सारून बघितलं. गाडी अंगणात आहे. अजून आहे.

९ जानेवारी

वकिलाकडे जाऊन आले. हॉटनला, स्नोमोबाइलच्या दुकानाच्या माडीवर. कर्टिस ब्लूमक्विस्ट. मयताला आल्यासारखा चेहरा — गिऱ्हाइकाला आल्याआल्या कळावं की गेलेलं परत येत नाही.

"दिवाळं काढायचं ठरवलंत?"

"मी कुठं ठरवलं? नवऱ्याच्या, डेलच्या ऑपरेशननं ठरवलं, मग डेलच्या पळून जाण्यानं, मग डेलनं मागं ठेवलेल्या क्रेडिट कार्डांनी. मला फक्त कळवण्यात आलं."

हसला नाही. म्हणाला, दवाखान्याचं बिल जाईल, कार्डं जातील, घर माझ्या आईच्या नावावर आहे तेव्हा त्याची काळजी नाही. "प्रश्न गाडीचा आहे, हेल्मी. ठेवायची की सोडायची?"

ठेवायची तर वाटा दोन. आजची किंमत एकरकमी भरायची आणि मोकळं व्हायचं. 'एकरकमी' म्हणताना आम्ही दोघं सभ्यपणे खिडकीबाहेर बघत होतो. किंवा त्याच कर्जावर नव्यानं सही करायची. तेच एकोणीस टक्के, तीच रक्कम, आठ हजार डॉलरच्या गाडीसाठी चौदा हजार. बाकी सगळी कर्जं बुडतील आणि हे एक पोहत माझ्याबरोबर काठाला लागेल.

"आणि पुन्हा हप्ते चुकले, तर आठ वर्षं तुम्हाला असा अर्ज करता येणार नाही," तो म्हणाला. "मी तुमच्या जागी असतो तर सही केली नसती."

"नाही केली तर?"

"कंपनी गाडी नेऊ शकते."

"नेईल?"

"नेऊ शकते."

ठामपणे काही न सांगण्याची फी वेगळी लावतात की त्यातच येते, विचारायचं राहिलं. फी द्यायलाही पैसे नाहीत. फेब्रुवारीत करातला परतावा आला की त्याची फी आणि कोर्टाची फी भरायची, मग अर्ज. दिवाळं काढायलाही आधी बचत लागते. अर्ज दाखल झाला की कुणी गाडीला हात लावू शकत नाही. तोवर लावू शकतात.

"तोवर काय करू?"

"जपा," तो म्हणाला.

१० जानेवारी

सोडून द्यायची, म्हणे. सोडून काय करू? खेड्यातलं टपाल आम्ही आमच्याच गाडीतून वाटतो. गाडी नाही तर फेरी नाही, फेरी नाही तर पगार नाही. घरांच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजवीकडे, स्टिअरिंग डावीकडे. म्हणून अकरा वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून गाडी चालवतेय — गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही म्हणून जमतं; डावा पाय पलीकडे ताणून पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर, उजवा खिडकीबाहेर. कमरेचा पार खुळखुळा झालाय. डेल म्हणायचा, तू चालवतेस असं वाटतच नाही, गाडी तुला पळवून नेतेय असं वाटतं.

पळवून नेणारे आता वेगळे आहेत.

१२ जानेवारी

एक खोटं बोलले आणि गाडी लपवली.

विल्हो कोर्पेला. सत्तरी उलटलेला, बिनलग्नाचा, माझ्या घरापासून एक शेत सोडून राहणारा. गायी विकून टाकल्यावर त्याचा गोठा रिकामाच आहे. त्याला म्हटलं, "माझ्या छपरावरचा बर्फ घसरतो तो थेट गाडीवर. एप्रिलपर्यंत तुझ्या गोठ्यात ठेवू का?"

त्यानं माझ्या घराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ठेव."

कोर्पेलांच्या घराण्यात याला भाषण म्हणतात.

आत एका बाजूला जुन्या गवताचे भारे, पलीकडे ताडपत्रीखाली होडी. इकडे प्रत्येकाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली एक होडी असते. पुढच्या उन्हाळ्यात ती दुरुस्त व्हायची असते. मधे माझी गाडी बरोब्बर मावली. दार लावलं आणि कुडकुडत शेत ओलांडून घरी आले. अंगण रिकामं. पडदा सारायची गरज नाही. तरी सारला.

१५ जानेवारी

शेतातल्या बर्फावर माझ्या बुटांची वाट पडलीय. माझ्या दारापासून विल्होच्या गोठ्यापर्यंत, हमरस्त्यावरून लख्ख दिसते. एवढं डोकं लढवून गाडी लपवली आणि नकाशा काढून ठेवला!

१८ जानेवारी

हातमोजे घालूनच लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.

सरोवरावरून वारा सुटला होता, समोरचं काही दिसत नव्हतं. तळ्याकडच्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं आणि मी टपालासकट चरात. लागलं नाही. गाडी तिरकी, एक चाक हवेत.

इथला नियम साधा आहे. चरात गेलेल्याला टाकून जायचं नाही. कोण, कुठला, कुणाच्या पंथाचा, कुणाशी भांडलेला — विचारायचं नाही. ओढून काढायचं, हात वर करायचा, निघून जायचं. पैसे देऊ केलेत तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं. त्यामुळे मी निवांत बसून होते. कुणीतरी येईलच.

पिवळा दिवा आला.

लेस्टर उतरला. "हेल्मी, ठीक आहेस ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. हा माझाच आवाज आहे हे पटायला वेळ लागला.

तो वाकला आणि त्याच्या ट्रकचा आकडा माझ्या गाडीला अडकवला. स्वतःच्या हातानं! ज्या आकड्याच्या भीतीनं मी गाडी शेणाच्या वासात ठेवते, तो भर दुपारी माझ्या गाडीला लागला होता, आणि मी बाजूला उभी राहून म्हणत होते, "जरा डावीकडून घे."

गाडी रस्त्यावर आली. आता त्यानं फक्त आकडा न सोडता ट्रकमध्ये बसायचं होतं. बस, एवढंच. उचलायच्या गाड्यांची त्याची यादी नंबरांची असते, आणि माझ्या मागच्या नंबरप्लेटवर बर्फ थापला गेला होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवरचा बर्फ झाडला. दिव्यांवरचा झाडला. नंबरप्लेटशी येऊन थांबला. तिथला नाही झाडला.

आकडा सोडला. "वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवत जा," म्हणाला, हात वर केला आणि गेला.

नियम पाळला की काय, ते कळलं नाही. उद्या तो नियम लागू नसेल एवढं कळलं.

२५ जानेवारी

मार्लिस आमच्या टपाल कचेरीची प्रमुख. तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं, आणि जे नसतं ते ती स्वतः तयार करते. आज टपाल लावता लावता म्हणाली, "बरं आहे बाई. या वयात सोबत हवीच."

"कसली सोबत?"

"राहू दे गं. शेतातली वाट काय आम्हाला दिसत नाही? आणि गाडी त्याच्या गोठ्यात. निदान उजळ माथ्यानं त्याच्या अंगणात तरी लाव."

तोंड उघडलं होतं मी. छपराबद्दल सांगणार होते. मग विचार केला — छपराचं सांगितलं तर ती छप्पर बघायला येईल. गाडी का लपवली याला जगात दोनच कारणं, एक पुरुष आणि दुसरं कर्ज. पहिलं तिनं आपणहून शोधलंय.

"हळूहळू सांगणारच होते," मी म्हटलं.

छिनाल म्हणा, चालेल. दिवाळखोर म्हणू नका. आमच्या लुथरन गावात पहिलीला चार आठवड्यांत माफी मिळते. दुसरीला थडग्यावर पाणी घालायला कुणी येत नाही.

२ फेब्रुवारी

चर्चनंतरची कॉफी. विल्होनं नवा सदरा घातला होता, घड्या मोडल्या नव्हत्या. तीन म्हातारे त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्यानं एकट्यानं रानगवा मारलाय. त्यानं माझ्यापुढे वेलदोड्याच्या पावाची थाळी सरकवली. मी घेतला. खोलीत चमचे थांबले.

बिचाऱ्याच्या कानावर आलंच असणार. रागावेल म्हणून धसका घेतला होता. पण नाही. शेतातल्या वाटेवर कुणीतरी राख टाकलीय, घसरू नये म्हणून.

मनाला खातंय. त्यालाही खरंच तसं वाटत असेल तर?

१४ फेब्रुवारी

परतावा आला. वकिलाला दिला. अर्ज दाखल. प्रेमाच्या दिवशी दिवाळं — डेलला कळवायला हवं.

ब्लूमक्विस्ट म्हणाला, "आता कुणी हात लावणार नाही. गाडी कुठंही उभी करा."

अंगणात लावावी म्हटलं. जमलं नाही. गोठ्यातच लावली. भीतीला कोर्टाचा हुकूम पोचायला वेळ लागतो. आणि गाडी अंगणात लावली तर विल्होशी बिनसलं म्हणून मार्लिस दुपारच्या आत गावभर करेल.

१८ फेब्रुवारी

सहीचा कागद आला. सहा मार्चपर्यंत सही करून पाठवा. नाही पाठवला तर संरक्षण उठतं आणि कंपनी गाडी नेऊ शकते. 'शकते'. हा शब्द मी आता झोपेतही ऐकते.

वकील सही करून द्यायला तयार नाही. या बाईला हे कर्ज झेपेल, असं त्याला लिहून द्यावं लागतं आणि तो खोटं लिहीत नाही. त्याच्या सहीवाचून मला न्यायाधीशासमोर उभं राहून सांगावं लागेल की मला झेपेल. अगदी परवा तिथंच सांगितलं की मला काही झेपत नाही. एकाच कोर्टात, एकाच कोटात!

"बरेच जण सही न करता नुसते हप्ते भरत राहतात," तो म्हणाला. "कंपनी बहुतेकदा पैसे घेते आणि गप्प बसते."

"बहुतेकदा?"

"बहुतेकदा."

म्हणजे थकलेले तीन हप्ते भरायचे, पुढचेही भरायचे, आणि तरी रोज अंगणात डोकावायचं. सही केली तर कर्ज माझ्या मानेवर. नाही केली तर लेस्टर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२१ फेब्रुवारी

गाडी बोलायला लागली. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना कण्हते. फेरीवरच्या गॅरेजवाल्याला विचारलं. त्यानं एक चक्कर मारली, उतरला, हात पुसले.

"वर्षभर निघेल."

हायसं वाटलं.

"किंवा ईस्टरपर्यंत."

नवा गिअरबॉक्स म्हणजे माझा सव्वा महिन्याचा पगार. समजा, सही केली आणि ही एप्रिलमध्ये मेली. मग मी नसलेल्या गाडीचे हप्ते भरत बसेन, पाच वर्षं, चालत. नोकरीवाचून. आणि दुसऱ्यांदा बुडायचीही सोय नाही.

रात्री जेवण गेलं नाही. मांस-बटाट्याची पेस्टी तशीच झाकून ठेवली.

२७ फेब्रुवारी

आज फेरीवर प्रत्येक पेटीपाशी ठरवलं. डावीकडच्या वस्तीत 'सही', तळ्याकडे 'नाही', पुलापलीकडे पुन्हा 'सही'. शेवटच्या पेटीपाशी नुसतीच रडले. पेटीत बिल टाकलं आणि निघाले.

३ मार्च

सही करणार. ठरलं. नोकरी आहे तोवर माणूस आहे. हप्ता आज आहे, गिअरबॉक्स उद्याचा आहे. अशा हिशेबानंच मी इथवर आले हे मला कळतं. तरी करणार.

४ मार्च

कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. त्याच्यावर मिठाची बरणी ठेवलीय. उडून जाईल म्हणून नव्हे. दिसू नये म्हणून.

५ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

गाडी लावायला गेले तर गोठ्यात विल्हो होता. भाऱ्यावर बसलेला. मी इंजिन बंद केलं, ते बंद होतानाही कण्हलं.

"जातोय," तो म्हणाला.

"कोण?"

"गिअरबॉक्स."

मी म्हटलं, ठाऊक आहे. आणि मग काय झालं कोण जाणे. कदाचित दोन महिन्यांत कुणी पहिल्यांदाच शक्यता न सांगता सरळ सांगितलं म्हणून असेल. मी म्हटलं, "विल्हो, तुझ्याशी खोटं बोलले. छपराचा बर्फ—"

"तुझ्या छपराचा उतार मागच्या बाजूला आहे," विल्हो म्हणाला. "छप्पर मीच घातलंय. तुझा बाप शिडी धरून उभा होता."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी तिथं उभी राहून त्याला त्याच्याच छपराबद्दल थाप मारली आणि तो 'ठेव' म्हणाला!

"मग विचारलं का नाहीस?"

"चरात गेलेल्याला विचारतात होय?"

सगळं सांगितलं. डेल, कार्डं, अर्ज, एकोणीस टक्के, उद्याची सही. तो ऐकत होता. मधे एकदा पाइप काढला आणि गवत बघून परत खिशात ठेवला. माझं संपल्यावर म्हणाला, "आणि गावात जे बोलतात ते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्याचं वाईट वाटतं रे. मी नाही म्हणायला हवं होतं. तुला काही वेगळं वाटलं असेल तर—"

"मला बरं वाटलं," विल्हो म्हणाला. "पन्नास वर्षं चर्चमध्ये मला हवामान विचारतात. आता डोळा मारतात."

मग तो उठला आणि त्यानं होडीवरची ताडपत्री ओढली.

होडी नव्हती. जीप होती. चौकोनी, पांढरी, दारं सरकणारी, जुनी टपालजीप. मी दोन महिने तिच्या शेजारी गाडी लावत होते. कधी हात लावून बघितलं नाही. भ्यायलेल्या माणसाला फक्त दार दिसतं.

"आर्वोची," तो म्हणाला. आर्वो त्याचा भाऊ, माझ्या आधीच्या आधी हीच फेरी करायचा, तळ्याकडच्या स्मशानात आहे. "दर रविवारी चालू करतो. नाहीतर बसेल."

दार सरकवलं. स्टिअरिंग उजवीकडे.

मी आत बसले. दोन्ही पाय पुढे. दोन्ही! अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ बसून पेटीएवढ्या उंचीवर खिडकीबाहेर हात काढला.

"हीटर नाही," विल्हो म्हणाला. "वायपर एकच. पेट्रोल पिते."

"किती घेशील?"

"पैसे नकोत. वापर. विमा तुझा."

"फुकट नको मला, विल्हो." भीक आणि सही यात मी सही निवडली असती, हे त्याला ठाऊक असावं.

त्यानं खूप विचार केला. "रविवारच्या कॉफीला शेजारी बसायचं. कुणी काही म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. ईस्टरपर्यंत."

"आणि दिवाळ्याचं कुणी म्हटलं तर?"

"ते मी सांगणार नाही. तू सांग, नको सांगूस."

घरी येऊन मिठाची बरणी उचलली. कागद वाचला, पहिल्यापासून. एकीकडे गरम गाडी आणि पाच वर्षं. दुसरीकडे मेलेल्या माणसाची जीप, एक वायपर, गारठलेले गुडघे. जीप मधेच बसली तर? बसेल. पण बसली तर फक्त जीप बसेल, तिच्याबरोबर मी नाही.

६ मार्च

ब्लूमक्विस्टला फोन केला. "सोडते." तो या सगळ्या काळात पहिल्यांदाच बिनशर्त वाक्य बोलला: "छान केलंत."

९ मार्च

कॉफीला विल्होशेजारी बसले. मार्लिस समोर. मी म्हटलं, "मार्लिस, मी दिवाळं काढलंय. गाडी सोडतेय." तिचा पाव कॉफीत पडला. पडेल ते पडो, म्हणून बसून राहिले.

मग टोकाला बसलेली तिची थोरली बहीण म्हणाली, "आम्ही दोनदा काढलं. लाकडाची गिरणी बुडाली तेव्हा." आणि मार्लिसकडे वळून, "तुला ठाऊक नव्हतं होय गं? मग कुणालाच नसणार."

विल्होनं थाळी सरकवली.

२० मार्च

गाडी न्यायला लेस्टर आला. मीच फोन करून बोलावलं होतं. म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी पत्ता समजावून सांगितला. किल्ल्या दिल्या, वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेव म्हटलं. तो हसला, वळला, आणि विल्होच्या फाटकाशी मागची चाकं घसरून चरात गेला — ट्रक, आणि त्याच्या आकड्याला लटकलेली माझी गाडी.

मी कॉफीचा एक घोट घेतला. मोठा घेतला. मग जीप काढली, साखळी बांधली आणि दोघांना ओढून रस्त्यावर आणलं. त्यानं हात केला. मीही केला. पोटात काही झालं नाही.